टोपण हाय म्हंजे सुई हाय

त्या दिशी दवाखान्यात कोण कोण हुतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं घोळ नगं. डॉक्टरीणबाई हुत्या, टिळकवाडीतनं गाडीनं यायच्या त्या. सुनंदा सिस्टर हुती, तिला सातवा लागलता. रगत तपासणारा महादेव हुता, कोपऱ्यातल्या त्येच्या काचेच्या खोलीत. मी हुते, पार्वती, झाडलोटीला. आणि बाळाक्का हुती. आमी एवढीच माणसं. बाकी पेशंट आले, गेले, त्यांची नावं मला ठावं न्हाईत. आणि सगळा घोर त्येच्यातच हुता.

दवाखाना पिरनवाडीला, बाळंतपणाचा. मी बेळगुंदीची, पयल्या बसनं यायची. बाळाक्का कुठं येत-जात न्हवती. ती तितंच ऱ्हायची, दवाखान्याच्या मागं, एका खोलीत. त्या खोलीला लागून दुसरी खोली, तितं दवाखान्यातली घाण पिशव्यांत भरून ठेवायची, पिवळी गाडी येऊन न्हेईपतोर. दोनी खोल्यांत एकच भिंत. बाळाक्काच्या खोलीला एकच खिडकी, ती बी त्या दाराकडंच उघडायची. गाडीनं दांडी मारली की भिंतीतनं वास यायचा. मी म्हणायची, "आक्का, कशी निजतीस गं?" ती म्हणायची, "निपाणीला तंबाखूच्या वखारीत जल्म गेला माझा. नाक तवाच मेलंय."

नवरा कवाच गेलता, मूल झालं न्हाई. निपाणीला भाऊ हुता, भावजय हुती. भावजयीचं आणि तिचं पटत न्हवतं. म्हणून ही खोली.

बाळाक्का दिसायला बारकी, वाळल्या शेंगंवाणी. पर हात मोठं. अंगाला न शोभणारं हात. त्या हातांचं दोन धंदं. दवाखान्यात पिशव्या बांधायच्या, आणि सकाळच्या पारी गावात बाळंतिणी आणि पोरं न्हाऊ घालायची. पिरनवाडीत, मच्छेकडं, आमच्या बेळगुंदीपतोर तिला बोलावणं. पोर कसंबी किरकिरं असू दे, तिच्या पायावर उपडं घातलं की गप. आया म्हणायच्या, "बाळाक्का, हातात काय हाय गं तुझ्या?" ती म्हणायची, "हातात काय न्हाय म्हणून तर पोर गप ऱ्हातंय." बांगडी बी घालायची न्हाई ती, पोराला लागंल म्हणून.

तिची एक खोड हुती. धारंची, टोकाची वस्तू कुणाच्या हातातनं घ्यायची न्हाई. सुई, कातर, ब्लेड, इळी, काय बी. आपल्यात म्हणत्यात न्हवं, सुई हातात देऊ न्हाई, भांडण लागतं. ती ह्ये दवाखान्यात पाळायची. स्टीलचं एक ताट घेऊन हिंडायची. सिस्टर सुई पुढं करायला लागली की ही ताट पुढं करायची. "ठेव. मग मी उचलते."

सुनंदा हसायची. "बाळाक्का, मी काय तुझी जाऊ हाय का गं भांडायला?"

"जाऊ असतीस तर ताट बी धरलं नसतं. घे म्हणली असती."

डॉक्टरीणबाईंनी एकदा बघितलं. म्हणाल्या, "असू दे गं सुनंदा, चांगलीच रीत आहे ही." तवापास्नं सगळीच ताटात ठेवायला लागली.

पिशव्यांच्या रंगांचं मला लई दिस कळायचं न्हाई. रगतामासाचं, पट्ट्या-कापूस पिवळ्यात. नळ्या, सलायनचं पलास्टिक तांबड्यात. काच निळ्यात. सुया पांढऱ्या जाड डब्यात. मी चुकायची. मग बाळाक्का म्हणली, "पारे, ह्या चार जावा हाईत असं समज. आपापल्या चुलीवर हाईत तवर गुण्यागोविंदानं. एका चुलीवर आणलीस की घर जळलं. आणि पांढरी सगळ्यांत कजाग. तिच्या घरात हात घालायचा न्हाई, नुसतं वरनं टाकायचं आणि मागं सरायचं." त्या दिसापास्नं मी चुकले न्हाई.

एकदा खानापूरकडची एक म्हातारी आलती, सुनंचं बाळंतपण झालतं. म्हातारी मागच्या खोलीच्या दारात फतकल मारून बसली. "आमची वार द्या, पोरामागनं पडल्याली. आमच्यात परड्यात पुरत्यात. जाळायची न्हाई." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आज्जी, कायदा हाय, ती पिवळ्या पिशवीतनंच जाणार. म्हातारी हलंना. महादेव सांगून दमला, कानडीत बी सांगितलं. न्हाई म्हंजे न्हाई.

बाळाक्का जाऊन शेजारी बसली. मिश्रीची डबी काढली, म्हातारीम्होरं खाली ठेवली. म्हातारीनं चिमूट घेतली. लई येळ दोघी दात घासत बसल्या.

मग बाळाक्का म्हणली, "आक्का, नातवाच्या बेंबीला नाळ हाय न्हवं?"

"हाय की."

"चार-आठ दिसांत गळंल. ती कुणाच्या बापाची न्हाई, ना डॉक्टरची ना सरकारची. ती पुरा परड्यात, वर माड लावा."

"नाळ म्हंजे काय वार न्हवं."

"न्हवंच. पर वारंचंच टोक न्हवं का ते? शेपूट आपल्या गोठ्यात बांधलं तर म्हस कुणाची?"

म्हातारी तोंडातली मिश्री उडंपतोर हसली. उठून गेली. अशी बाळाक्का. रीत मोडायची न्हाई, पर रितीला वाट करून द्यायची. आणि त्याच वाटंनं तिचा घात झाला.

तो दिस गिराणाचा. सूर्याचं गिराण, दुपारी लागलेलं. सकाळीच सुनंदाला सासूचा फोन, रजा काढ, भाईर पडू नगंस, काय कापू नगंस, शिवू नगंस, पोराचं व्हट फाटत्यात. रजा मिळाली न्हाई. बिचारी आली. तोंड एवढंसं झालतं. डॉक्टरीणबाई वर बाळंतपणात अडकलेल्या. खाली पेशंट यायचं थांबलं हुतं थोडंच. टोचावं तर लागणारच.

आता टोचून झालं की सुई तितल्या तितं कापायची रीत. टेबलावर बारकं यंत्र असायचं, भोकात सुई घालायची, दांडा दाबला की कटकन तुटायची. सुनंदानं पयली टोच दिली आणि दांड्यावर हात ठेवून उभीच ऱ्हायली. बाळाक्का बघत हुती. म्हणली, "कापू नगंस बाई. पोटुशी हाईस. माझ्या ताटात ठेव, गिराण सुटलं की मी कापते."

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालंल व्हय गं?"

"चालंल. ठेव."

तेवढ्यात वरनं हाक आली, बाळाक्का वर गेली. सुनंदानं त्या ताटात सुया ठेवल्या, दोन-तीन असतील. पर त्या उघड्या सुया समोर चमकायला लागल्या. पोटावर हात धरून बसलेली पोर ती, तिला ते बघवंना. तिनं वर कापूस पसरला. झाकलं. दिसू नये एवढंच तिच्या मनात.

गिराण सुटलं. बाळाक्कानं अंघूळ केली, गिराण सुटल्यावर करत्यात तशी. जाड हातमोजं धुऊन दोरीवर घातलं. ओल्या केसांनी आली. सुया डोक्यात हुत्या तिच्या, पर ताटात तर नुसता कापूस दिसला. तिला वाटलं, सुया महादेवानं कापून डब्यात टाकल्या, हा वापरल्याला कापूस ऱ्हायलाय. पिवळ्यात टाकावा म्हणून मूठ भरली.

मी फरशी पुसत हुते. ती ओरडली न्हाई. नुसतं "हां" म्हणली, कुणीतरी हाक मारल्यावाणी. अंगठ्याच्या बुडाशी सुई उभी हुती. तिनं उपटली आणि अंगठा तोंडाकडं न्हेला, आपण न्हेतो तसा.

"तोंडात घालू नकोस!" जिन्यातनं डॉक्टरीणबाई ओरडल्या. "नळाखाली धर. साबण लाव. दाबू नको, पिळू नको. नुसतं पाणी जाऊ दे."

ती नळाखाली हात धरून उभी ऱ्हायली. डॉक्टरीणबाईंनी ताट बघितलं, कापूस बघितला. "ह्या सुया कापल्या का नाहीत? कुणी ठेवल्या?"

सुनंदा भिंतीला टेकलेली. त्वांड उघडलं तिनं. बाळाक्का नळाकडं बघतच म्हणली, "माझ्याकडनं ऱ्हायल्या. मीच ठेवल्याल्या."

खोटं बी न्हवतं. ठेव म्हणून तिनंच सांगितलं हुतं. सुनंदाचं त्वांड मिटलं. ते मग लई दिस मिटलेलंच ऱ्हायलं.

सुई कुणाची, कळायला वाट न्हवती. एक तर रस्त्याच्या कामावरचा माणूस, कुठल्या मुलखाचा काय की, औषध घेऊन निघून गेलता. डॉक्टरीणबाईंनी येळ घालवला न्हाई, आपल्याच गाडीत घालून बेळगावच्या सरकारी दवाखान्यात न्हेलं. काविळीचं टोचून आधीच झालतं, ते बरं झालं. पर त्या दुसऱ्या रोगाच्या, एड्स म्हणत्यात त्येच्या, गोळ्या चालू केल्या. महिनाभर रोज खायच्या. रगत त्याच दिशी तपासलं, आणि सांगितलं, पुन्यांदा दीड महिन्यानं, आणि मग तीन महिन्यानं. तवर काय बी सांगता येत न्हाई.

तवर. त्या एका शब्दात बाळाक्का तीन महिनं ऱ्हायली.

गोळ्या एका पलास्टिकच्या मोठ्या बाटलीत हुत्या. हलवलं की खुळखुळायच्या. तिनं वर कापूस कोंबला, वाजू नये म्हणून. बाटली जुंधळ्याच्या डब्यात पुरली. मला तेवढं सांगितलं, कारण गोळी खाल्ली की गरगरायचं, वकायचं, आणि तिची बादली मलाच टाकायला लागायची. निपाणीला जाऊन चार दिस पडावं तर भावजय बोचकं उचकटणार. बोचक्यात गोळ्या. गोळ्या बघितल्या की गाव बघणार. म्हणून तिथं बी न्हाई. हितं खोली, खिडकी, भिंत. भिंतीपलीकडं पिशव्या.

आणि पोरं न्हाऊ घालायचं तिनं त्या दिसापास्नं सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "बाळाक्का, शिवल्यानं, न्हाऊ घातल्यानं काही होत नाही. मी लिहून देऊ का?"

"मला पटलंय बाई."

"मग?"

"उद्या वाईट निघालं तर? त्या आयांस्नी कळलं तर? बाळाक्का तवा न्हाऊ घालत हुती, म्हणतील. पोराला पडसं झालं तरी माझं नाव घेतील. त्यांच्या डोक्यात ते जल्मभर ऱ्हाणार. ते मी करणार न्हाई."

"आणि चांगलं निघालं तर?"

"तर जाईन."

लोकांस्नी काय सांगायचं? ती म्हणायची, कंबर धरलीया. लोकं म्हणायची, कंबर धरली आणि दवाखान्यात पोतं उचलती कशी? मच्छेची एक बाई दारात येऊन बोलून गेली, "दवाखान्याची हवा लागली गं तुला. गरिबाचं पोर नगं झालं." बाळाक्का उंबऱ्यात उभी हुती. म्हणली, "व्हय, तसंच समज." बाई गेली. बाळाक्का आत आली, हात धुतलं. आता हात धुवायचं कारण न्हवतं. पर ती धूत बसायची. साबणानं भेगा पडल्या, तरी धूत बसायची.

घरं दुसरी बाई धरायला लागली. धरणारच. पोर काय तीन महिनं बिनअंघुळीचं ऱ्हातंय?

दीड महिन्याचं रगत चांगलं आलं. मी म्हणले, "आक्का, सुटलीस." ती म्हणली, "गिराण सुटल्याशिवाय अंघूळ करू न्हाई पारे. एकदा केली घाईनं." तेवढंच बोलली, त्या दिसाविषयी कवा बोलली असंल तर तेवढंच.

सुनंदा रोज यायची, खाली मान घालून काम करायची. डोहाळजेवणाचं ताट घेऊन ती बाळाक्काच्या खोलीत आलती, पुरणपोळी, कटाची आमटी. बाळाक्काला वासानंच मळमळलं, गोळ्या सपल्या हुत्या तरी पोट ठिकाणावर न्हवतं. पर तिच्यासमोर तिनं अख्खी पोळी खाल्ली. सुनंदा गेल्यावर मोरीत जाऊन बसली. मी पाठीवर हात फिरवत हुते. ती म्हणली, "पोरीला कळू देऊ नगंस. तिचं पोट हाय."

मग सुनंदा बाळंत झाली, आमच्याच दवाखान्यात. ल्योक झाला. व्हट नीट, टाळू नीट, सगळं नीट. बाळाक्कानं लांबनंच बघितलं, दारातनं. शेवटचं रगत द्यायला अजून येळ हुता.

सुनंदा घरी जायच्या दिशी सकाळी, पोर दुपट्यात घेऊन मागच्या खोलीशी आली. मी पाणी तापवत हुते. तिनं आधीच मला तेल आण म्हणून सांगितलं हुतं.

"बाळाक्का, पयली अंघूळ तू घालायची. सुई लागायच्या आधीच तू कबूल केलतंस."

"रिपोर्ट आला न्हाई अजून."

"मला म्हाइत हाय."

"म्हाइत हाय तर मग जा. सासू काय म्हणंल?"

"सासूला मी सांगितलंय. सगळं. सुई मी झाकली हुती त्ये बी." सुनंदानं दुपटं सावरलं. "एवढंच मला करता येत हुतं गं. डॉक्टरीणबाईंस्नी बी आज सांगणार हाय."

बाळाक्कानं हात पदराखाली घेतलं. मग सवयीनं म्हणली, "ठेव खाली. त्या पाटावर ठेव, बघते."

सुनंदा म्हणली, "पोर खाली ठेवत न्हाईत बाळाक्का. हातात घे."

तिनं पोर पुढं धरलं. मग पदराखालनं ते मोठं, भेगाळलेलं हात भाईर आलं. पोर पायावर उपडं पडलं आणि गप झालं. मी पाणी घातलं. बाळाक्का रडली न्हाई. तिच्या कपाळावरनं घाम गळत हुता, एवढंच दिसलं.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी पेढं आणलं. बाळाक्कानं एक खाल्ला. दुसऱ्या दिशी ती सकाळी पिरनवाडीत, मच्छेला, बेळगुंदीला फिरून आली, सांगायला, की कंबर बरी झाली म्हणून. कुणीच बोलावलं न्हाई. दुसरी बाई रुळली हुती. खरं कारण सांगता येत न्हवतं, खोटं कुणाला पटलं न्हवतं. रगत मोकळं झालं, बाळाक्का न्हाई झाली. त्यानंतर तिनं एकच पोर न्हाऊ घातलं, सुनंदाचं, ते पाय पसरून बसायला लागंपतोर.

मग गुडघं गेलं तिचं. भाऊ एकटा पडलता, भावजय वारली, तो न्ह्यायला तयार झाला. जायच्या दिशी दवाखान्याच्या पायरीशी रिक्षा लागली. एक बोचकं, एक डबा. सुनंदा पोराला घेऊन आलती, पोर तवा रांगत हुतं. पायरीवर सोडलं त्येला.

बाळाक्का पाया पडणाऱ्यांस्नी आशीर्वाद देत हुती आणि एकदम खाली वाकली. पोराच्या गालात बोट घातलं आणि काय तरी भाईर काढलं. बारकं, पलास्टिकचं, सुईवरचं टोपण.

रिक्षावाला म्हणाला, "अक्का, लगू बर्री, लवकर या, बस जाईल."

"थांब."

"आगं टोपणच हाय," महादेव म्हणला, "झाडून टाकतील."

"टोपण हाय म्हंजे सुई हाय," बाळाक्का म्हणली. "सुनंदे, पोर उचल."

आणि ती म्हातारी, गुडघं गेल्याली, लुगडं खोचून पायरीवर गुडघ्यावर बसली. हातांनी चाचपली न्हाई. डोळं जमिनीला लावून एकेक फरशी, एकेक फट बघत सरकत गेली. रिक्षावाला भोंगा वाजवत हुता. आमी सगळी उभी. शेवटी कढीलिंबाच्या कुंडीत सापडली. बारकी, साखरंच्या पेशंटची, घरात स्वतःच टोचून घेत्यात ती. कुणी तरी पायरीवर बसून टोचून घेतलं आणि मातीत खोचून गेलं.

"पारे, चिमटा आण. आणि ताट."

मी ताट धरलं. तिनं चिमट्यानं सुई उचलली, ताटात ठेवली, वर कापूस न्हाई, काय न्हाई, उघडी. स्वतः आत जाऊन पांढऱ्या डब्यात टाकली. हात धुतलं. मग रिक्षात बसली. आमच्याकडं बघितलं न्हाई, कारण ती अजून पायरीकडंच बघत हुती, रिक्षा वळंपतोर, दुसरी ऱ्हायली न्हाई न्हवं म्हणून.

त्येच शेवटचं. निपाणीला ती वारली, मला मागनं कळलं.

आता वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं हाय. तुमच्या घरात कुणी साखरंची सुई टोचून घेत असंल, तर ती केरात, कुंडीत, पिशवीत टाकू नगा. जाड पलास्टिकच्या डब्यात टाका, झाकण घट्ट लावा, आणि भरला की दवाखान्यात न्हेऊन द्या. आणि कापसाखाली झाकून ठेवू नगा.